नंबर खरवडणारा एवोदियो

एवोदियो शोलाल्पाला प्लाझात सगळे 'इंजे' म्हणत. म्हणजे इंजिनियर. कॉलेजची पायरी तो जन्मात एकदाच चढला होता, तीही तिथल्या हेडक्लार्कचा टीव्ही दुरुस्त करायला. पण एहे सेंत्राल रस्त्यावरच्या त्या तीन मजली प्लाझात, म्हणजे दुरुस्तीवाल्यांच्या बाजारात, जिथे सकाळी शटर वर गेल्यापासून गाळ्यागाळ्यातून डाग देण्याचा धूर निघत असतो, तिथे ही पदवी कोणी कागद बघून देत नाही. मेलेला लॅपटॉप आणा, उठवून दाखवा, झालात तुम्ही इंजे. एवोदियोने असे मुडदे पुष्कळ उठवले होते, आणि ते चारचौघांत सांगायला तो कधी लाजला नाही.

माणूस सोन्यासारखा, खोड तेवढी एक. लॅपटॉपच्या बोर्डावरची जळलेली चिप काढून नवी बसवली, की तो खिशातून ब्लेड काढायचा आणि नव्या चिपच्या कपाळावरचा नंबर खरवडून टाकायचा. चिप म्हणजे काय, करंगळीच्या नखाएवढी काळी चकती. तिची सगळी ओळख त्या बारीक नंबरात. तो गेला, की ही कोण, कुठली, काम काय करते, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एवोदियोला तेच हवं असायचं. उद्या हा बोर्ड दुसऱ्या कोणाच्या हातात गेला, त्याने नंबर वाचला आणि म्हणाला, अच्छा, इथे ही चालते होय, तर मग आपल्या विद्येला विचारणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही खरवडायची विद्या मात्र त्याची स्वतःची नव्हती. ती त्याच्या बालमित्राची, मार्गारितोची. मार्गारितो हा सोनिदेरो, म्हणजे भर रस्त्यात माणसाच्या उंचीचे भोंगे रचून वस्तीला नाचवणारा आणि गाण्याच्या मधेमधे माइकवर लोकांचे सलाम वाचणारा. आईच्या तीन कोंबड्या न विचारता विकून त्याने पहिला भोंगा घेतला, म्हणून त्याच्या सोनिदोचं, म्हणजे भोंग्यांच्या ताफ्याचं, नावच 'तीन कोंबड्या'. आईने ते नाव शेवटपर्यंत माफ केलं नाही. तर ह्या लोकांची रीत अशी, की दुर्मिळ तबकडी हाताला लागली की आधी तिच्यावरचा कागद ओल्या फडक्याने घासून काढायचा आणि गाण्याला आपल्या मनाचं नाव ठेवायचं. दुसऱ्या सोनिदेरोने कितीही कान टवकारले तरी त्याला दुकानात जाऊन मागता येऊ नये. मार्गारितोच्या अशा कित्येक तबकड्या एवोदियोने तरुणपणी स्वतः घासून दिल्या होत्या. मित्र असूनही एकाही गाण्याचं खरं नाव त्याला कळलं नव्हतं, आणि त्याचा त्याला अजून राग होता.

एका गुरुवारी सकाळी मार्गारितो आंघोळीच्या टॉवेलात काहीतरी गुंडाळून, तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून गाळ्यात शिरला.

"गेला," तो म्हणाला.

"कोण गेला?"

"हा. काल रात्री भोंगे तपासायला लावले. खांबावर आकडा टाकला, दिवे एकदम भडकले आणि हा गप्प झाला. सकाळपासून हूं नाही की चूं नाही."

"आकडा कोणी टाकला?"

"मीच. तीस वर्षं टाकतोय."

"तीस वर्षांत शिकला असतास तर बरं झालं असतं." एवोदियोने टॉवेल उलगडला. आत मार्गारितोचा लॅपटॉप होता. "शनिवारी बाजाराचा वाढदिवस ना तुमच्या?"

"चार वाजता. बाजारवाल्यांनी रस्ता अडवून घेतलाय, मांडव घातलाय, केकसुद्धा सांगितलाय." मार्गारितो स्टुलावर बसला. "एवो, माझी सगळी गाणी ह्यात आहेत. चार हजार. तबकड्या निम्म्या फुटल्या, निम्म्या विकल्या. आता जे आहे ते हेच."

"कॉपी?"

मार्गारितोने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू एवोदियोने त्याच्या बायकोचं वय विचारलं होतं. "कॉपी केली की गाणं दोन जागी झालं. दोन जागी झालं की तिसऱ्या जागी जायला कितीसा वेळ लागतो?"

बरं, डिस्क काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावावी, तर ह्या जातीच्या लॅपटॉपात डिस्क वेगळी नसतेच. साठवणीच्या चिपा बोर्डावरच डाग देऊन बसवलेल्या. बोर्ड जगला तर गाणी जगली, बोर्ड मेला तर सोनिदो 'तीन कोंबड्या'ची कोंबडीही उरणार नाही.

एवोदियोने झाकण उघडलं आणि मीटरची टोकं टेकवली. वीज आत शिरायच्या आधीच कुठेतरी जमिनीला मिळत होती. कोणत्या चिपेने दगा दिलाय ते शोधायची त्याची जुनी पद्धत होती. बोर्डाला थोडीशीच वीज द्यायची आणि वर औषधाच्या दुकानातलं अल्कोहोल शिंपडायचं. जी चिप आतून जळलेली, ती तापते, आणि तिच्यावरचं अल्कोहोल सगळ्यांच्या आधी वाळतं. शेजारच्या गाळ्यात ह्याच कामाला उष्णता दाखवणारा कॅमेरा होता, पण एवोदियोच्या मते कॅमेरा ज्याला डोळे नाहीत त्याच्यासाठी. त्याने चार थेंब टाकले आणि वाकून बसला. बोर्ड ओला चमकत राहिला, आणि एका कोपऱ्यातली एक चकती बघता बघता कोरडी झाली.

"सापडली," तो म्हणाला आणि बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला.

चिपेच्या कपाळावर एक अक्षर नव्हतं. नुसते दोन आडवे ओरखडे होते, शेजारीशेजारी, डावीकडून उजवीकडे. हे ओरखडे कोणाचे ते त्याने लगेच ओळखलं. स्वतःची सही माणूस कुठेही ओळखतो.

मार्गारितोने डोळा लावून पाहिलं. "नंबर कुठाय?"

"नाहीये."

"कोणत्या गाढवाने खरवडला?"

"असतात एकेक लोक," एवोदियो म्हणाला.

"मागे तीन वर्षांपूर्वी तुझ्याकडेच दिला होता ना मी हा?"

एवोदियोने सूक्ष्मदर्शकाची काच पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

त्याचं असं झालं होतं. ह्या लॅपटॉपची मूळ चिप कंपनीने बनवायची बंद केली होती. प्लाझात सगळे हात वर करायचे. एवोदियोने चार दिवस खपून शोध लावला, की भलत्याच एका यंत्रातली भलतीच चिप तिथे चपखल बसते, फक्त शेजारचा एक रेझिस्टर बदलायचा. आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई म्हणावी अशी ही अक्कल. आणि ती कोणाला कळू नये म्हणून त्याने काय काय करून ठेवलं. नंबर खरवडला. वहीतही नंबर लिहिला नाही, कारण वही कोणी पाहिली तर? म्हणून वहीत चिपांना आपल्या मावश्यांची नावं दिली. नंतर हे लॅपटॉप दुरुस्तीला यायचे जवळजवळ थांबले, त्याला वाटलं बाजारातून उठले असतील, आणि वही खणात पडली.

आता त्याने ती काढली. लिहिलं होतं: 'मावशी तोमासा चालत नाही. मावशी पेत्रा गरम होते. मावशी फिलोमेना उत्तम.' फिलोमेना म्हणजे कोण, हे मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. त्याने डोकं खाजवलं. मावशी जाड होती, एवढंच त्याला आठवत होतं.

त्याच्या पेटीत त्या मापाच्या तीन जातींच्या चिपा होत्या. दिसायला तिघी सख्ख्या बहिणी, पाय तेवढेच, आतली वाट निराळी. ह्यांतली एक बरोबर. दोघी अशा, की चार्जर लावल्याबरोबर सगळा दाब थेट साठवणीच्या चिपांवर सोडतील, आणि चार हजार गाणी एका क्षणात धूर होतील. करून बघू म्हणायची सोयच नव्हती.

"होईल ना?" मार्गारितोने विचारलं.

"तू घरी जा. उद्या ये."

"मी इथेच बसतो."

आणि तो बसला. टॉवेल मांडीवर घेऊन, दवाखान्याबाहेर बसतात तसा बसला. एवोदियोला त्याची पाठ बघवेना.

उत्तर कोणाकडे आहे हे एवोदियोला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. समोर तीन पावलांवर नोएमीचा गाळा. नोएमी बारुएता चिपा विकायची. भिंतभर इवलेसे खण, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि हव्या त्या खणावर तिचा हात न बघता पडायचा. तिच्या लेकीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा लेकीला हातावर घेतलं होतं एवोदियोने, तेव्हापासून तो तिचा कोंपाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे. नातं रक्ताच्या वरचं, पण तिची जीभ त्याहून वरची. तीन वर्षांपूर्वी ती चिप तिच्याच गाळ्यातून आली होती. मात्र एवोदियो स्वतः गेला नव्हता. दारात मक्याच्या पानात उकडलेले तामाल विकणाऱ्या एनेदिनाबाईंच्या, म्हणजे दोन्या एनेदिनाच्या, हाती त्याने कागदावर नंबर लिहून पाठवला होता, आणि कोणासाठी ते सांगू नको म्हणून बजावलं होतं.

अकरा वाजता तो नोएमीच्या गाळ्यावरून पाणी आणायला गेला. सव्वाअकराला परत पाणी आणायला गेला. बारा वाजता तो तिच्या काउंटरला टेकून उभा राहिला.

"आज उकडतंय, कोमाद्रे."

"उकडतंय खरं, कोंपाद्रे. म्हणून तर तुम्ही एवढं पाणी पिताय."

"लेक काय म्हणते?"

"मजेत आहे. तुम्ही काय म्हणताय ते बोला."

एवोदियोने घसा साफ केला. "पुएब्लाला माझा एक मित्र आहे. त्याच्याकडे एक बोर्ड आलाय. कोणा अडाण्याने चिपेचा नंबर खरवडलाय."

"अरेरे," नोएमी म्हणाली. "पुएब्लात अजून असले अडाणी आहेत?"

"असतात."

"आणि तुमच्या त्या मित्राचा मित्र असा टॉवेल घेऊन बसलाय, तो पण पुएब्लाचाच?"

एवोदियोने मागे वळून पाहिलं. मार्गारितोने हात हलवला. ताकाला जाऊन भांडं लपवायची एवोदियोची जुनीच सवय, पण आजचं भांडं परातीएवढं होतं.

"कोमाद्रे," तो खालच्या आवाजात म्हणाला, "खरवडला मीच."

"काय म्हणालात? इथे पंख्याचा आवाज फार येतो."

"नंबर मी खरवडला. आता मलाच आठवत नाही. चुकीची बसवली तर त्याची गाणी जातील, आणि ती माझ्या हाताने जातील. तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडून एनेदिनाने एक चिप नेली होती. ती कोणती, एवढं सांगा. मी पाया पडतो म्हणा हवं तर."

नोएमीने थट्टा थांबवली. मग वळली, वरून तिसऱ्या ओळीवर हात नेला आणि एक खण उपसून त्याच्यासमोर ठेवला. बाकीच्या खणांवर नंबर होते. ह्याच्या चिठ्ठीवर तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: एवोदियो.

त्याने ते दोनदा वाचलं.

"हे काय?"

"हेच ते. तुमचं. नंबर चौदा आकडी आहे, रोज कोण बोलणार? म्हणून ज्याने शोधलं त्याचं नाव. अख्खा मजला हेच मागतो. 'दोन्या नोएमी, दोन एवोदियो द्या.' तुमच्या पाठीमागे, हळूच."

"अख्खा मजला?"

"दुसरा पण. हल्ली तिसऱ्यावरचेही येतात."

"एनेदिना बोलली," तो कडवट होऊन म्हणाला.

"एनेदिनाने मला सांगितलं, की कोणासाठी ते इंजे एवोदियोंनी सांगू नको म्हटलंय." नोएमीने खण पुढे सरकवला. "आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःच, तो लॅपटॉप उठला म्हणून, सगळ्या मजल्याला तामाल वाटलेत. मला दोन आणि दोन चार करता येतात, कोंपाद्रे. मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून काय स्वयंपाकघरात अंधार होतो?"

"तीन वर्षांत मला कोणी सांगितलं नाही."

"कसं सांगणार? तुम्ही इतके खुशीत होता. ब्लेड काढून खरवडायला बसलात, की सगळे मुद्दाम दुसरीकडे बघायचे."

आधी एवोदियोला भयंकर राग आला. त्याचे लॅपटॉप बाजारातून उठले नव्हते, ते दहा पावलांवर दुसऱ्यांच्या टेबलावर उठत होते. मग लाज वाटली, कानापर्यंत. आणि त्या दोन्हींच्या खालून एक तिसरंच काहीतरी वर येऊ लागलं, जे त्याला आवडलं आणि ते आवडतंय हे कोणाला दिसू नये असंही वाटलं. त्याने चिठ्ठीवरून बोट फिरवलं.

"अक्षर जरा मोठं काढायचं होतंत," तो म्हणाला.

"खण केवढा, माणूस केवढा. जा, तो बिचारा वाळून चाललाय."

नोएमीकडची चिप घेऊन तो परतला. जळकीभोवती डाग सहज वितळावा म्हणून चिकट फ्लक्स लावला, गरम हवेची नळी गोल गोल फिरवली, आणि डाग वितळल्यावर ती चिमट्याने उचलली. जागा साफ केली. नवीचा ठिपका बोर्डावरच्या ठिपक्याशी जुळवला, रेझिस्टर तपासला, पुन्हा हवा दिली. चिप एकदा हलली आणि आपली आपण जागेवर बसली. हे बघायला त्याला अजूनही आवडायचं.

मग सवयीने त्याचा हात खिशात गेला आणि ब्लेड बाहेर आलं. मार्गारितो बघत होता. समोरून नोएमी बघत होती. बाकीचा मजला, नेहमीप्रमाणे, मुद्दाम दुसरीकडे बघत होता. एवोदियोने ब्लेड थोडा वेळ बोटांत धरलं, मग त्याने टेबलावरचा सुकलेला फ्लक्स खरवडला आणि ते परत खिशात टाकलं.

मीटरवर सगळे आकडे सरळ आले. त्याने चार्जर लावला. पडदा काळाच राहिला, इतका वेळ की मार्गारितोने टॉवेल तोंडावर घेतला. मग उजेड आला, आणि मागोमाग तीन कोंबड्यांचं चित्र.

"आहेत," मार्गारितो टॉवेलातूनच म्हणाला. त्याला रडू आवरत नव्हतं आणि त्याने आवरलंही नाही. "किती देऊ, एवो?"

"पैसे नको. कॉपी कर."

"ते सोडून काहीही माग."

"तेच मागतो. अरे, मी एवढं खरवडलं, एवढं लपवलं, मावश्यांची नावं दिली. शेवटी ज्याला माहीत नव्हतं असा ह्या इमारतीत मी एकटाच उरलो. बाकीच्यांनी लक्षात ठेवलं म्हणून तुझी गाणी वाचली, मी लपवलं म्हणून नव्हे."

नोएमीने न विचारता एक डिस्क आणून टेबलावर ठेवली. मार्गारितोने तिच्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं आणि म्हणाला, "एकच हं."

शनिवारी चार म्हणता पाचला बाजाराचा रस्ता भरला. केक कापला गेला, भाजीवाल्या बायकांनी ॲप्रन सोडले. एवोदियो भोंग्यांच्या बाजूला, त्याच्या मते जिथे आवाज सगळ्यात खरा येतो, तिथे उभा होता. लोक पुठ्ठ्यांवर नावं लिहून वर धरत होते आणि मार्गारितो सलाम वाचत होता. मग ते गाणं लागलं, ज्याला मार्गारितो तीस वर्षं 'कोंबड्यांची राणी' म्हणत आला होता आणि ज्याच्या खऱ्या नावासाठी एवोदियोने त्याला एकदा मारलंही होतं. मार्गारितोने आवाज थोडा खाली घेतला.

"हा सलाम माझ्या दोस्ताला, इंजे एवोदियोला," तो माइकवर म्हणाला, "आणि त्याला आज सांगतो, ह्या गाण्याचं खरं नाव आहे 'मिठाची पोती'."

रस्त्याच्या कडेला दुसऱ्या एका सोनिदोची दोन माणसं उभी होती. त्यांनी लगेच फोन काढून टिपून घेतलं. मार्गारितोने पाहिलं आणि आवाज वाढवला.

"मिठाची पोती," एवोदियो स्वतःशीच म्हणाला. एवढं भिकार नाव ह्याने तीस वर्षं लपवलं. तो हसत सुटला. मग बाजूला ज्या मासेवालीच्या हातात केकची बशी होती, तिची बशी खाली ठेवायला लावून तो तिच्याबरोबर नाचला, गाणं संपेपर्यंत.

सोमवारी त्याच जातीचा आणखी एक लॅपटॉप आला. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तो बाकीचे गाळे टाळून थेट त्याच्याकडे पाठवला होता. एवोदियोने दारातल्या एनेदिनाला हाक मारली, मग विचार बदलला, आणि स्वतःच तीन पावलं चालून गेला.

"कोमाद्रे, एक द्या."

"एक काय?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मजला दुसरीकडे बघत होता. "एक एवोदियो," तो म्हणाला.

नोएमीने खणात हात घातला. "खरवडून देऊ, की नंबरासकट?"

"नंबरासकट," एवोदियो म्हणाला, आणि मोठ्याने म्हणाला.